पायांची आग थांबली

२ सप्टेंबर, सोमवार

आलं ते — साखर मोजायचं यंत्र एक. पट्ट्यांची डबी एक, आत पंचवीस पट्ट्या. टोचायच्या सुया तेवढ्याच. इंद्रजितने सांगलीहून कुरिअरने पाठवलं. किंमत विचारली तर म्हणतो, "आई, तू वापर. हिशोब नको मांडू." पण खोक्यावर छापलेलीच होती — साडेतेराशे! एका पट्टीला काय पडलं ते इथे लिहीत नाही. नाहीतर वापरायला हात धजायचा नाही.

सूनबाईने, सोनमने, फोनवर दाखवलं तसं ह्यांच्या बोटाला टोचलं. तीनशे बारा आले. हे म्हणाले, "बघ, तुझ्या लेकाला धाव्वीला बी एवढं मार्क न्हवतं!" मी हसून हसून भिंतीला टेकले. सोनमला सांगितलं तर तिचा आवाजच बदलला. "आत्या, हे जेवायच्या आधीचं ना? मामांना डॉक्टरांकडे न्या."

डॉक्टरकडे काय न्यायचं? साखर लागून चौदा वर्षं झाली. गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. चौदा वर्षं मेंढरं राखली, शेत केलं, एक दिवस आडवे झाले नाहीत. दुखणं आहे ते पायाचं. दिवस कलला की तळव्यांना आग लागते. मिरचीच्या डबऱ्यात पाय घातल्यासारखं होतं म्हणतात. बादलीत पाय घालून बसतात आणि बादलीतूनच माझ्याशी भांडतात.

४ सप्टेंबर, बुधवार

पट्टी फक्त सोमवारी वापरायची असं ठरवलं.

काशाची वाटी काढली, तूप घेतलं, दोन्ही तळवे घासले. वाटी काळी काळी झाली. रंगूबाई शेजारून आली होती, ती म्हणाली, "बघा वैनी, किती उष्णता भाईर पडली." ह्यांना जरा बरं वाटलं. रोज घासायचं.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. मोदक एकवीस. ह्यांनी चार खाल्ले, मी पाचवा हातातून काढून घेतला. "पोराच्या ताटातलं काढावं तसं काढतीस गं!" म्हणाले.

आरती झाल्यावर यमाईला नवस बोलले. आई, ह्यांच्या पायांची आग थांबव. नवरात्राचे नऊ दिवस हे पायात काही घालणार नाहीत, आणि चालत, अनवाणी, औंधला तुझ्या पायरीशी येतील.

ह्यांना सांगितलं तर कपाळावर हात मारला. "नवस बोलायचा तू आन् चालायचं मी? लय हुशार हायस!"

मी म्हटलं, माझे गुडघे चालत असते तर मीच गेले असते. आणि आग माझ्या पायाला नाही. ज्याची आग त्याने चालावं.

"बरं बाई. चालतो. कोर्टात बी तूच जिकशील."

१५ सप्टेंबर, रविवार

आज बादली मागितली नाही!

२१ सप्टेंबर, शनिवार

आठवडा झाला. आग नाही. एकदाही नाही. काल जेवून तसेच आडवे झाले आणि सकाळी मेंढरं ओरडायला लागली तेव्हाच उठले. किती दिवसांनी असा झोपलेला माणूस बघितला! मी उंबऱ्यात बसून औंधच्या दिशेला हात जोडले. डोळ्यांतून पाणी थांबेना.

"कसं वाटतंय पायाला?" म्हटलं.

"कायबी न्हाई. एकदम शांत."

सगळ्यांना सांगितलं. रंगूबाईला, दळणाच्या गिरणीत, भजनाच्या बायकांना. रंगूबाईने येऊन ह्यांच्या पायालाच हात लावला — "आवं, आई पावली तुमास्नी!" हे लाजले आणि गोठ्यात निघून गेले.

२३ सप्टेंबर, सोमवार

पट्टीवर तीनशे चाळीस. आग थांबली आणि आकडा वाढला, हे कसं? यंत्रच चुकत असणार. कुरिअरमध्ये आपटलं असेल.

हे म्हणाले, पाय बरे झाले, आता संध्याकाळची गोळी बंद. लघवीला सारखं जावं लागतं तेवढंच, बाकी मी घोड्यासारखा हाय. मलाही पटलं. गोळ्या पायासाठीच होत्या ना? निदान आम्ही तसंच धरून चाललो होतो. आग लागली की गोळीची आठवण व्हायची.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. ह्यांनी वहाणा पुसल्या, तेल लावलं आणि माळ्यावर ठेवल्या. कर्र कर्र वाजत घरभर फिरणारा माणूस, आज मांजरासारखा मागे येऊन उभा राहिला. दचकलेच.

६ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी पाय धुवायला बसले तर डाव्या अंगठ्याच्या खाली बाभळीचा काटा. अर्धं बोट आत! मी चिमट्याने ओढला तरी हे मेंढराला कसला पाला घातला तेच सांगत होते. "काटा? कुठला काटा?"

रंगूबाई म्हणाली, "नवसाच्या पायाला काटा टोचत न्हाई वैनी."

मला पटलं. अंगावर शहारा आला. आईचा हात आहे असंच वाटलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

नवस फिटला!

हे पहाटेच निघाले, मी नैवेद्य घेऊन एस.टी.ने. डोंगराच्या पायथ्याशी वाट बघत उभी होते. ऊन असं की नारळाच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर तडतडत होतं. बारा वाजून गेले तेव्हा दिसले. डांबरी रस्त्याच्या मधोमध, डोक्याला फेटा, कपाळाला भंडारा, अनवाणी. मोटारसायकलवरची पोरं ओरडली, "आबा, डांबर लय तापलंय, कडंनं चाला की!" ह्यांनी हात हलवला, "मला गार लागतंय रं!" पोरांनी खाली उतरून नमस्कार केला.

वर चढले तेही न थांबता. देवीपुढे मी रडले. हे म्हणाले, "आता रडतीस कशापायी? तुझंच काम झालं की."

मला ह्यांचा इतका अभिमान लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला असेल. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. हत्यारांची पूजा, यंत्राचीही केली. सोनं द्यायला हे घरात आले. मी मागून फडकं मारत होते. शहाबादी फरशीवर ओलं उमटलं होतं. आधी वाटलं, पाय धुऊन आले. पण पाणी असं चिकट नसतं. आणि एकाच पायाचं उमटत होतं.

म्हटलं, बसा. पाय वर करा.

डाव्या तळव्याची पुढची सगळी कातडी फोडासारखी सुटून लोंबत होती. खाली लाल, मध्ये पांढरं. काटा निघाला होता तिथे भोक, त्यातून पाणी. वास!

"काय झालं?" हे विचारत होते. मला!

१३ ऑक्टोबर, रविवार

दुखत नाही म्हणतात. हळद भरली, फडकं बांधलं. आज रविवार, डॉक्टर नाहीत. उद्या वडूज.

१४ ऑक्टोबर, सोमवार

लिहायचं आहे, पण हात जड झालाय. जसं आठवतं तसं लिहिते.

वडूजच्या डॉक्टरांनी पाय टेबलावर घेतला. ब्लेडने मेलेली कातडी कापायला लागले. भूल नाही, काही नाही. मी तोंड फिरवलं. आणि हे डॉक्टरांना विचारत होते, "सायेब, औंदा वडुजच्या बाजारात बकऱ्याला काय भाव हाय? माझा एक एडका हाय, बघा, शिंगं अशी!" असं म्हणून हाताने शिंगं दाखवली. ब्लेड मांसात होतं आणि हे हसत होते.

डॉक्टर थांबले. म्हणाले, "आबा, तुम्हाला काहीच होत नाही?"

"कशाचं?"

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. पायाची आग कधी थांबली? म्हटलं, महिना होत आला, यमाईच्या कृपेनं. त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "मावशी, ती आग म्हणजे नस ओरडत होती. ओरडायची थांबली ती बरी होऊन नाही. मेली म्हणून."

त्यांनी सगळं समजावलं. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की आधी लांबच्या नसा जातात, म्हणून पाय पहिले. जितकी जुनी साखर तितका धोका. त्यात तंबाखू, त्यात बी.पी., मग रक्तही खाली पुरेसं पोचत नाही. आणि गोळ्या पायाच्या नव्हत्या, साखरेच्या होत्या. "गोळी बंद कुणी केली?" म्हणाले. मी पदराचा शेव बोटाला गुंडाळत उभी राहिले. दहावी पास बाई! घरात यंत्र होतं. आकडा वाढलेला डोळ्यांनी बघितला, आणि म्हटलं काय — यंत्र आपटलं असेल.

"ह्या पायाने कुठे चालले होते?" डॉक्टरांनी विचारलं. सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सांगली. इंद्रजितने सरळ मोठ्या दवाखान्यात नेलं. खाटेवर हे, खाली चटईवर मी. आज कोजागिरी आहे हे सोनमने दुधाचा पेला आणला तेव्हा कळलं. ह्यांना दूध बिनसाखरेचं. "कोजागिरी का काढा?" म्हणाले.

इंद्रजित माझ्याशी नीट बोलत नाही. वरांड्यात एवढंच म्हणाला, "आई, मी यंत्र कशाला पाठवलं होतं?"

१९ ऑक्टोबर, शनिवार

डाव्या पायाची दोन बोटं काढली. अंगठा आणि शेजारचं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर हे म्हणाले, "जितूची आई, एक सांगू? चिडायचं न्हाई."

म्हटलं, सांगा.

"पाय तवाच कळंना झालं हुतं. पोळ्याच्या आधीपासनं. वहाण पायातनं निघून पडायची, तरी मी तसाच चालायचो, मागं बघितल्यावर कळायचं. आग तेवढी हुती. मग ती बी गेली. मला जरा भ्या वाटलं. पण तू दारात बसून हात जोडून रडलीस. तुझं त्वांड बघून म्या काय बोलू?"

मी चिडले नाही. ह्यांच्या तोंडाला पाणी लावलं. मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं, पुन्हा धुतलं.

देवीचा दोष नाही. तिने मला काहीच सांगितलं नव्हतं. काटा लागला नाही, चटका बसला नाही, आग थांबली — ह्या सगळ्या खुणा मीच मांडल्या, मीच वाचल्या. जप करायला बसले तर जीभ उचलेना. तरी माळ पुरी केली. सवयीने केली.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ताप. पायाला घोट्यापर्यंत निळं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टर म्हणाले, वाट बघता येणार नाही. विष वर चढतंय. गुडघ्याखाली कापला तर माणूस राहील. दोन दिवस थांबलं तर गुडघाही नाही, आणि पुढचं ते बोलले नाहीत.

हे ऐकेनात. "मला घरी न्या. मरायचं तर माझ्या बांधावर मरतो. लंगडा होऊन दारात बसायचा न्हाई. मेंढराला कुत्र्याची भीती दावता येती, कुबडीची न्हाई."

इंद्रजित चिडला, "आबा, तुमी हट्ट करू नगा!" एरवी सांगलीचं शुद्ध बोलणारा पोरगा, रडायला आला की गावाचं बोलतो.

"तू गप. तुला पाय हायत."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे पण. म्हणाले, "तू सांग. तू सांगशील ते करतो. चाल म्हणलीस, चाललो. आता काय म्हणतीस?"

असं म्हणायला नको होतं त्यांनी. पण टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. लहान मुलासारखं तोंड वर करून.

मी उठले. खाटेचा दांडा धरला. म्हटलं, "नवस माझा होता, चाललात तुम्ही. आता हेही मीच बोलते. कापू दे. मला तुम्ही पाहिजे. बांधावर नाही, दारात पाहिजे. लंगडे पाहिजे. बसून माझ्याशी भांडा, पण पाहिजे."

ह्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाले, "सयाजीला सांगा, एडक्याकडं बघ म्हणावं. मारतो त्यो, म्होरनं जाऊ नगंस." सयाजी ह्यांचा पुतण्या, सध्या मेंढरं त्याच्याकडे.

हाच होकार.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं. गुडघ्याखाली एक वीत राहिलाय.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शुद्धीवर आले. चादरीकडे बघितलं नाही. दुपारी विचारलं, "कुठं नेला?"

इंद्रजितने मान फिरवली. दवाखान्याचे नियम असतात, आम्हाला देत नाहीत. मला ते सांगवेना.

"आपल्यात माणसाला माती देत्यात," हे म्हणाले. "पायाला काय देत्यात?"

मी त्यांच्या उरलेल्या पायावर हात ठेवून बसले. काय देतात ते मलाही माहीत नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. वॉर्डात दिवा लावायला परवानगी नाही, ऑक्सिजन असतो म्हणून. माया सिस्टरने — ही ह्यांचं ड्रेसिंग करते, मिरजेची आहे — सेलवरचा एक दिवा आणून खिडकीत ठेवला. त्यालाच हळद-कुंकू वाहिलं.

हे हळूच म्हणाले, "औंदा फटाकं वाजलं तर पळायला बी येनार न्हाई." शेजारच्या खाटेवरचे काका हसले. मग हेही हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

आज जप करताना जीभ उचलली. आईशी बोलले. नवस नाही बोलले. काही मागितलं नाही. नुसतं सांगितलं, काय काय झालं ते. ऐकत असेल तर ऐकेल.

६ नोव्हेंबर, बुधवार

साखर एकशे साठ. टाके कोरडे. तंबाखूची पिशवी ह्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. "वास घेऊन टाकून दे," म्हणाले. म्हणजे त्यांनी आधी घेतला होता.

आता उजवा पाय. रोज सकाळी मी आरशाने तळवा बघायचा, बोटांच्या फटी बघायच्या, कोमट पाणी आधी माझ्या कोपराने तपासायचं, त्यांच्या पायाने नाही. घरातसुद्धा चप्पल. देवघरातसुद्धा. माया सिस्टरने माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं.

इंद्रजित आज माझ्या शेजारी चटईवर येऊन बसला. डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली.

११ नोव्हेंबर, सोमवार

उद्या सोडणार. माया सिस्टरने ह्यांचा उजवा पाय बघितला. पेनासारख्या दांडीला प्लॅस्टिकचा जाड दोरा असतो, तो तळव्याला टेकवायचा, माणसाने डोळे मिटून "लागलं" म्हणायचं. काही ठिकाणी ह्यांना कळलं, काही ठिकाणी नाही. मग ती मला म्हणाली, "मावशी, बसा तुम्ही पण. बरोबर आलेल्यांचं पण बघते मी." मी म्हटलं मला कुठे साखर आहे? म्हणाली, "कधी तपासलीत?" कधीच नाही. पाय वर घेतले. डोळे मिटले. पंख्याचा आवाज येत होता. बराच वेळ झाला, म्हटलं, "करा की सुरू, बाई." डोळे उघडले तर दोरा खिशात ठेवत होती. "झालं मावशी. दोन्ही पायांचं झालं."

ह्यांना सांगितलेलं नाही. दवाखान्याबाहेरच्या पोस्टातून कार्ड आणून फलटणला थोरल्या बहिणीला, भामाताईला लिहिलं. तिला फोनवर ऐकू येत नाही. तेच इथे उतरवून ठेवते —

ताईस शि. सा. न. आपल्या आईचे पाय शेवटी शेवटी आग करायचे आणि एक दिवस थांबले, तुला आठवत असेल. आपण पेढे वाटले होते. तू एक कर. डोळे मिटून बस आणि सुनेला पायाच्या बोटांना हळूच बोट लावायला सांग, न सांगता, कुठेही. कळतं का बघ. कळलं की नाही ते उलट टपाली कळव.